जांभई आली की कापायचं

९ नोव्हेंबर

आज एकही जांभई आली नाही. नात रुसून बसली आहे.

लोकांच्या नाती आजीच्या खोकल्याला कंटाळतात. माझी नात माझ्या जांभईची वाट बघते! तिची कंपनी आहे ना. घरातच — बाहेरची खोली म्हणजे ऑफिस. जाडजूड पुस्तकं घ्यायची आणि त्यांचे पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ करायचे. गोष्टींची पुस्तकं नव्हेत, कामाची. ताप कसा उतरवावा, बागेला पाणी किती घालावं, हट्टी मुलाशी कसं बोलावं. लोकांना शहाणं व्हायचं असतं, वाचायचं नसतं. ही मधल्यामधे उभी.

कंपनीत माणसं दोन. नात आणि चष्मिश. चष्मिश चित्रं जोडतो आणि नको ते कापतो. पुस्तक आधी मशीनला भरवतात. मशीन त्याचा लांबच लांब कच्चा व्हिडिओ करून देतं, आपल्याच नाकातल्या आवाजात बोलून. तो माझ्या खोलीत लावतात. मी खुर्चीत. मला जांभई आली की चष्मिश बटण दाबतो आणि सरळ पुढच्या मुद्द्यावर उडी. जिथे जांभई, तो तुकडा गेला. उरेल त्याला नात आपला गोड आवाज देते. झाला व्हिडिओ!

"आजीला कंटाळा आला म्हणजे जगाला येणार," हे नातीचं गणित. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, म्हणून मीच जग.

पण गेले सहा महिने जग जागंच आहे. मला सगळंच ऐकावंसं वाटतं! कधी नव्हे ते कोणी मला पुस्तकं ऐकवतंय. जांभई येते कुठली? मग व्हिडिओ होतात लांब, आणि बघत नाही कोणी. "आजी, तू फारच चांगली श्रोती आहेस गं," नात म्हणाली. शिवी दिल्यासारखं.

म्हणून मी हे तुझ्याशी बोलतेय, पाना. नातीनेच फोनमध्ये करून दिलंय — मी बोलते, तो लिहितो. तू दिसायला कसं आहेस मला ठाऊक नाही. या घरात मला वाचता येत नाही, आणि यांना वाचायला वेळ नाही. सुशिक्षित काय ते एकटं मशीन.


११ नोव्हेंबर

थंडीने कहर केलाय. गॅसचा हीटर माळ्यावरून काढला.

नवं पुस्तक आलंय — घर उबदार कसं ठेवावं. कोणा म्हाताऱ्या इंजिनियरने लिहिलेलं. पहिलाच धडा फटींचा. मशीनने तो बोलून दाखवला आणि नात उठली ती थेट माझ्या खोलीत. निळी चिकटपट्टी घेऊन! खिडकीची एकेक फट बंद केली. वरचा झरोकाही. चष्मिशने सगळं चित्रात घेतलं. "आजी, तुझी खिडकी आता सगळ्यांना दिसणार!" म्हणाली.

पट्टी लावताना तिचा हात बघत होते. नखं कुरतडलेली. लहानपणी परीक्षेच्या आधी अशीच कुरतडायची. आई-बाप परगावी नोकरीला, ही माझ्यापाशी वाढली. कंपनी बुडाली तर हीही जाईल तिकडे. बोलत नाही, पण मला कळतं.

खोली मात्र झकास झाली. वारा म्हणून शिरत नाही. लेकरू गुणाचं आहे.


१७ नोव्हेंबर

जांभया! भरभरून!

जेवण झालं, खुर्चीत बसले, हीटर सकाळपासून चालू. इंजिनियरचं पुस्तक लावलं. फटींचं ऐकलं, पडद्यांचं ऐकलं, गालिच्याचं ऐकलं. मग तो शिरला हवेत. खोलीत हवा किती, जाळ किती हवा खातो, घनफूट आणि काय काय — आणि माझा जबडा असा उघडला की चष्मिश म्हणाला, "आजी, चिमणी जाईल आत!" बटण दाबलं. अख्खा धडा एका घासात गिळला मी.

नातीने माझ्या गालाचा मुका घेतला. कितीतरी वर्षांनी.

मला बघून तीही जांभई देत होती, आणि चष्मिशही. जांभई अशीच असते — एकाने दिली की घरभर फिरते.


२६ नोव्हेंबर

इंजिनियरचा व्हिडिओ उधळलाय! नात आकडे सांगते, मला त्यातलं कळत नाही, पण चष्मिशने ऑफिसात नाच केला. ते कळलं. चष्मा पडला त्याचा.

त्यानंतरचेही चालतायत. पट्टी लावल्यापासून माझी जांभई अशी सुधारली आहे की विचारू नका. औषधांच्या पुस्तकात दिल्या, विजेच्या पुस्तकात दिल्या, तान्ह्या बाळांच्या पुस्तकात तर एकापाठोपाठ एक. व्हिडिओ एकेक असे सुटसुटीत होतात!

चष्मिश म्हणतो, "आजी मुद्दाम देतात." म्हटलं, अरे खोटी जांभई देऊन बघ. देता देता खरी येते.

दुपारी बटणवाली आली. समोरच्या घरातली, माझी मैत्रीण. आयुष्यभर बटणांचं दुकान चालवलं. आता दुकान बंद, पण खिसे बटणांनी भरलेले. आम्ही पत्ते खेळतो तेही बटणांवर. ती लबाडी करते. मीही करते, पण तिची दिसते.

"काय गं, तू म्हणे जांभया देऊन पोट भरतेस?" तिने विचारलं.

"तुला काय झालं जळायला?"

"जळत नाही बाई. म्हटलं घोरायचे पैसे कोणी देतं का बघ. माझी सोय होईल."

हसून हसून डोळ्यांतून पाणी. तिला खिडकी दाखवली, निळी पट्टी दाखवली. मीच दाखवली. "तुझ्या लेकीला सांग व्हिडिओ बघायला. तुझ्या खोलीत तर कुत्रंही बसत नाही, एवढा वारा."

पत्त्यांत तिचं मोठं निळं बटण जिंकलं. कोटाचं.


४ डिसेंबर

डोकं दुखतंय. म्हातारपण.


९ डिसेंबर

नात फोनवर बोलत असताना मी ऐकत नाही. कानावर पडतं त्याला मी काय करू?

इंजिनियरचा फोन. तो चिडलाय. म्हाताऱ्या माणसाचा आवाज फोनमधून बाहेर येत होता — "माझा चौथा धडा कुठे आहे? चौथा धडा कुठे आहे?" नात गोड आवाजात, "आजोबा, लोक तिथे थांबत नाहीत. पाहून सांगते. आत्ता एका मीटिंगमध्ये आहे." मीटिंग कसली! समोर मी आणि चहाचा कप.

फोन ठेवला आणि म्हणाली, "प्रत्येक लेखकाला आपलं प्रत्येक वाक्य सोन्याचं वाटतं."

मी म्हटलं, "आपला तो बाब्या."

दोघी हसलो. पाना, हे नीट लिहून ठेव. दोघी हसलो.

नंतर खरी मीटिंग होती. एक बाई आल्या — पुष्कळशा शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या. त्यांना व्हिडिओ आवडलेत. सगळ्या वर्गांत दाखवणार म्हणतात. सगळ्यांत आवडला तो उबदार घराचा. "मुलं घरी जाऊन आईवडिलांना सांगतील," म्हणाल्या. नातीने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि परत आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. "आजी, हे झालं ना, तर मला कुठेही जावं लागणार नाही."

तिची नखं बघितली. वाढलीत थोडी.


१५ डिसेंबर

आज पत्ते बटणवालीकडे. तिचाही गॅसचा हीटर आहे, माझ्यापेक्षा मोठा. तिच्या लेकीने खिडक्यांना पट्टी लावली आहे — निळीच! "व्हिडिओत होती तश्शीच आणली," म्हणाली. खोली उबदार, अंग सैल पडेल अशी.

बटणवाली डावात दोनदा पेंगली. "हरायला लागली की झोप येते हिला," मी म्हटलं.

तर डोळे मिटूनच म्हणते, "तुझ्याशी खेळायचं म्हणजे झोपेतही जमतं."

मी हीटर रात्री बंद करते. उष्ण हवेत मला भलतीच स्वप्नं पडतात. तिला सांगितलं, तूही करत जा. तर म्हणाली, "जन्मभर कुडकुडले. आता चार दिवस ऊब मिळतेय तर तुझ्या पोटात का दुखतं?"


२१ डिसेंबर

बटणवाली गेली. झोपेत.


२३ डिसेंबर

काल बोलवेना.

डॉक्टर आले, डोळे बघितले, म्हणाले वय झालं होतं. सगळ्यांनी मान हलवली. वय तर झालंच होतं, त्यात कोण वाद घालणार? मीही हलवली.

मी तिच्याजवळ बसले होते. तिचे गाल गुलाबी! पाना, इतक्या वर्षांत तिला अशी कधी बघितली नाही. लग्नाच्या दिवशीही ती पिवळीच होती, मी होते तिथे. मेल्यावर रंग चढला. तिला सांगावंसं वाटलं — अगं, शेवटी रूप आलं तुला! सांगायला तोंड उघडलं, आणि मग आठवलं की उत्तर येणार नाही.

लेक रडत म्हणाली, "एकच समाधान आहे मावशी. शेवटी तिला थंडी लागली नाही. मी सगळ्या फटी बंद केल्या होत्या."

माझ्या मुठीत ते निळं बटण होतं. तिच्या हातात द्यायला नेलं होतं. परत घेऊन आले.


२७ डिसेंबर

आज मी एक काम केलं.

नात आणि चष्मिश बाहेर गेले होते. नातीचा एक फोन टेबलावर राहिला. वाजला, वाजत राहिला. हिरवं दाबायचं मला कळतं.

"चौथा धडा," पलीकडून आवाज. नमस्कार नाही, काही नाही.

मी म्हटलं, "मी आजी बोलतेय. जिने तुमचा चौथा धडा गिळला ती."

तो म्हणाला, "म्हणजे?"

सांगितलं सगळं. खुर्ची, जांभई, बटण. म्हातारा ओरडेल असं वाटलं. ओरडला नाही. फार दमलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, पहिले तीन धडे लिहिले ते हा चौथा लिहिता यावा म्हणून. फटी बंद करा हे कोणीही सांगेल."

"मग ऐकवा ना. आता मला वेळ आहे."

त्याने पुस्तक आणलं. पानं उलटल्याचा आवाज आला. वाचायला लागला. ज्या खोलीत जाळ आहे तिथे एक झरोका कायम उघडा हवा. हीटर हाही जाळच. त्याचा धूर दिसत नाही, वास येत नाही, पण तो हवेत विष सोडतो. बंद खोलीत हीटर लावून झोपू नये. डोकं जड होतं, सुस्ती येते, माणूस बसल्याजागी पेंगतो, आणि तसाच जातो.

"आणि गाल?" मी विचारलं.

"काय गाल?"

"गेल्यावर. गाल कसे दिसतात?"

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाला, "गुलाबी. कोण गेलं, बाई?"

फोन ठेवून दिला मी.

आमची आई थंडीत कोळशाची शेगडी पेटवायची आणि निजताना दाराबाहेर ठेवायची. "शेगडी घेऊन दार लावू नये," हे मला न शिकवता येत होतं. पण शेगडीला धूर असतो, राख असते, तोंड काळं होतं. हा हीटर कसा धुतल्या तांदळासारखा! मला तो जाळ वाटलाच नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच. माझ्याच खोलीत, माझ्याच पायाशी.

हीटर बंद केला. चमच्याने पट्टी खरवडायला घेतली. नात आली तेव्हा अर्धी खिडकी झाली होती.

"आजी, काय करतेस! थंडी वाजेल ना!"

"वाजू दे. वाजली म्हणजे जिवंत आहे."


२८ डिसेंबर

भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

सकाळी तिला बसवलं, सगळं सांगितलं. आधी ती माझ्यासाठी घाबरली — तुला काही होतंय का, डॉक्टरकडे चल, आत्ता चल. मी म्हटलं, मला काही झालं नाही, मी हीटर रात्री बंद करते. तू तो व्हिडिओ काढ.

ती म्हणाली, काढते. मग म्हणाली, थांब. मग खोलीत फेऱ्या मारायला लागली.

"आजी, डॉक्टर म्हणाले वय झालं होतं."

"डॉक्टरने खिडकी बघितली नाही."

"आपल्याला नक्की माहीत नाही ना? खाली एक सूचना टाकते. झरोका उघडा ठेवा म्हणून. अक्षरात."

"अक्षरात! म्हणजे मला आणि बटणवालीला अगदी सोयीचं."

ती रडायला लागली. "तोच सगळ्यांत जास्त बघितलाय! त्या बाईंना तोच हवाय. काढला तर विचारतील का काढला. काय सांगू? आमच्या व्हिडिओने माणूस मेलं?"

"माणूस नाही. बटणवाली."

पाना, मला तिला मारायचं नव्हतं. पण ते तसं लागलं. ती भिंतीला धरून खाली बसली, लहानपणी बसायची तशी.

तिथूनच म्हणाली, "मी म्हाताऱ्याचा फोन घेतला असता नीट..."

"आणि मी तोंड मिटलं असतं तर. तोंड माझं, कात्री तुझी. वाटणी करत बसू नकोस."

"तिच्या लेकीला सांगणार आहेस?"

पट्टी तिने लावली. आईला थंडी लागू नये म्हणून. मी सांगितलं तर ती उरलेला जन्म आपले हात बघत बसेल. नाही सांगितलं तर?


३० डिसेंबर

व्हिडिओ अजून आहे. नात माझ्या खोलीत येत नाही. चष्मिश चहा आणून देतो आणि पळतो.


२ जानेवारी

आज दुपारी दारात उभी राहिली. कोट घातलेला. डोळे सुजलेले. नखं पार मांसापर्यंत.

"काढला," म्हणाली. "सकाळीच. आणि लिहिलंय का काढला ते. आणि मी बोललेय पण, व्हिडिओत, माझ्याच आवाजात — ज्यांनी पट्टी लावली असेल त्यांनी आत्ता उठून झरोका उघडा."

मी उठले. शाल घेतली. तिला माहीत होतं कुठे जायचं.

रस्ता ओलांडायला मला तिचा हात लागतो. आज तिला माझा लागला.

बटणवालीच्या लेकीने दार उघडलं. "या ना मावशी!" म्हणाली. नातीने सांगितलं, उभ्याउभ्याच. काही लपवलं नाही, काही सजवलंही नाही. धडा कापला म्हणाली, फोन टाळला म्हणाली. मी म्हटलं, "जांभई मी दिली. आणि खिडकी तिला मीच दाखवली."

ती ऐकत होती. मग खरंच आपल्या हातांकडे बघायला लागली. तळवे, मग मागची बाजू.

"पट्टी मी लावली," म्हणाली.

"व्हिडिओत बघून लावलीस," नात म्हणाली.

"पट्टी मी लावली."

मी पुढे झाले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला. ती मागे सरली. "तुम्ही जा आता मावशी."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मग, आम्ही रस्ता ओलांडून इकडे आलो तरी ऐकू येत होता, चिकटपट्टी ओढून काढल्याचा आवाज. चर्र. थांबून पुन्हा चर्र.


५ जानेवारी

इंजिनियरचा फोन आला. नातीने घेतला. ती बराच वेळ फक्त "हो" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "अख्खा करू आजोबा. चौथा धडा आधी. लांब झाला तर लांब."

मग तिने फोन माझ्या कानाला लावला. तो म्हणाला, "बाई, या वेळी जांभई देऊ नका."

म्हटलं, "या वेळी खिडकी उघडी आहे. दात वाजतायत, जांभईला जागा कुठे?"

हसला. हसायला नको होतं दोघांनीही. पण हसलो.


८ जानेवारी

शाळांच्या बाई येऊन गेल्या. मी आतून सगळं ऐकलं.

नातीने आधीच सांगून टाकलं — तो व्हिडिओ काढलाय, त्यातली एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली होती, एक जीव गेला. मला वाटलं, संपलं. बाई उठून जातील. मी इकडे खुर्चीची मूठ धरून बसलेले.

बाई उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असं स्वतःहून सांगणारी माणसं मिळत नाहीत. बाकीचे द्या."

बाकीचे द्या! सोमवारपासून सगळ्या शाळांत लागणार. या हिवाळ्यात केलेले सगळे.

बाई गेल्यावर नात आत आली, माझ्या मांडीत डोकं खुपसून पडली. जड झालंय तिचं डोकं. मी केसांतून हात फिरवत होते. मोठं संकट होतं, येऊन गेलं. एक बटणवाली घेऊन गेलं. आता तरी पोरीला झोप लागेल.

चष्मिश दारात उभा. "आजी, एक नवीन पुस्तक आलंय. उद्या बसायचं का?"

म्हटलं, बसू. पण शाल दे.


९ जानेवारी

बसले. खिडकी उघडी, झरोका उघडा, हीटर माळ्यावर परत. दोन शाली.

नवं पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. जांभई नाही. चष्मिश बटणावर बोट ठेवून ताटकळला बिचारा. "आज काय आजी, मूड नाही?"

मूड काय! मी विचार करत होते. उन्हाळ्यात अशीच ऐकायचे मी. डोळे उघडे, कान उघडे. जांभया सुरू झाल्या त्या पट्टी लागल्यावर. डोकंही तेव्हापासूनच दुखायला लागलं. ते दुखणं आता कुठे आहे?

"कापलेले तुकडे टाकून देतोस का रे?" विचारलं.

"नाही आजी. सगळे ठेवलेत. एका जागी."

"उद्या आण."


१० जानेवारी

कापलेले सगळे तुकडे ऐकले. सकाळपासून.

या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. ओल्या हाताने हे बटण लावू नये. तान्ह्याला असं निजवू नये. सगळं तिथेच होतं, माझ्या जांभयांत.

एकदाही जांभई आली नाही.

नात बाहेरच्या खोलीत फोनवर हसतेय. सोमवारच्या तयारीचं बोलणं चाललंय. तिला हाक मारते आता.